अण्णा, ती रेषा उतरतच होती

अण्णा, तू मारकुटा होतास. हे आधीच लिहून टाकते, कारण तुझ्या शोकसभेत हे कुणीच बोललं नाही. प्राचार्य म्हणाले, सर फार शांत होते. दुसरे कुणीतरी म्हणाले, सरांनी कधी आवाज चढवला नाही. मागच्या रांगेत तुझे जुने विद्यार्थी बसले होते, आता मिशा फुटून बाप्ये झालेले. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं नकळत आपला तळहात मांडीवर घासला. तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर मला हसू आलं आणि पदर तोंडात कोंबावा लागला. लोकांना वाटलं, बहीण रडायलीय.

रडतही होतेच.

तुझा पहिला मार मला आठवत नाही, इतकी मी लहान असेन. खटकचिंचोळीच्या घरात अप्पा आठवड्यातून एकदा यायचे, बाकी दिवस हुमनाबादला अडतीवर. घरात हुकूम तुझा. मी डावखुरी. डावा हात ताटात गेला की तू उलथनं उचलायचास. त्या माराला भिऊन जेवण उजव्या हातावर आलं, पण लिहिणं डाव्याचंच राहिलं. पुढं तू मास्तर झालास आणि उलथन्याची जागा लाकडी पट्टीनं घेतली.

मी नववीत होते त्या दुपारी. शाळेत अजून यायचं होतं ते गणित तू मला आधीच शिकवायचास. त्या दिवशी रेषेचा चढ. एक्स एक असताना वाय तीन, एक्स तीन असताना वाय सात. मी आलेख कागदावर दोन्ही बिंदू मांडले, पट्टी ठेवली, रेषा ओढली. रेषा बरोबर होती.

"सांग, ही रेषा चढायलीय का उतरायलीय?"

"उतरायलीय."

तू कानाखाली दिलीस. "नीट बघ."

मी नीट बघितलं. "उतरायलीय, अण्णा."

तुला वाटलं मी मुद्दाम करायलीय. तू माझा डावा हात धरून जमिनीवर ठेवलास आणि पट्टीच्या धारेनं बोटांवर मारायला लागलास. प्रत्येक फटक्याला विचारायचास, "आता?" मी म्हणायचे, "उतरायलीय." मधल्या बोटाचं कातडं फाटलं. रक्त कागदावर पडलं, त्या रेषेच्या बाजूलाच. कंपासपेटी उघडी होती. उजव्या हाताला कर्कटक लागलं. ते मी तुझ्या तळहातात खुपसलं, अण्णा. अगदी जोर लावून. त्याचं टोक आत गेलं ते मला हाताला कळलं, आणि मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तू ओरडलास तसं कधी ओरडला नव्हतास. आई भाकरी थापायचं सोडून पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं दोघांचे हात बघितले. तिला कारण विचारायची सवय नव्हती. तिनं आधी तुला एक ठेवून दिली, मग मला. मग दोघांच्या जखमांत एकाच चिमटीनं हळद भरली. तू चप्पल घालून निघून गेलास.

दिवस मावळायला तू परत आलास, हाताला फडकं बांधून. मला वाटलं, आता जीवच घेतो. तू समोर बसलास आणि म्हणालास, "काढ. माझ्यापुढं काढ ती रेष."

मी काढली. फाटक्या बोटानं पेन्सिल धरून, उजव्या बाजूच्या वरच्या बिंदूपासून सुरू करून, ओढत खाली डावीकडं आणली. माझा हात तसाच चालायचा. तू पेन्सिलीकडं बघत राहिलास.

"तू तिकडून यायलीस व्हय?"

"मग कुठून येऊ?"

मग पहिल्यांदाच, न ओरडता, मला सांगितलंस. एक्सचे आकडे उजवीकडं वाढत जातात. म्हणून रेषेवरून चालायचं ते एक्स वाढतो त्या बाजूला, डावीकडून उजवीकडं. तसं चालताना वर गेलीस तर चढ धन, खाली गेलीस तर ऋण.

"आन् मी उलटी चालले तर?"

तुझा हात सवयीनं वर गेला. फडकं बांधलेला हात. तो तसाच डोक्याकडं नेऊन तू केस खाजवलेस. मग कागद ओढून घेतलास. डावीकडून आलं तर एक्स दोननं वाढला, वाय चारनं वाढला. चाराला दोननं भागलं, दोन. उजवीकडून आलं तर एक्स दोननं घटला, वायही चारनं घटला. वजा चाराला वजा दोननं भागायचं.

"किती आलं?"

"दोनच."

"अधिक का वजा?"

"अधिक."

मग तू दुसरी रेषा काढलीस, एक्स वाढला की वाय घटणारी. माझ्या बाजूनं येताना ती चढती वाटायची. पण वर चढताना एक्स घटत होता. एक अधिक, एक वजा, भागाकार वजाच. कुठूनही आलं तरी आकडा फिरत नव्हता. तू त्या कागदाकडं असा बघत बसलास की जणू तुलाच कुणीतरी शिकवलंय. गणित तुला येतच होतं. पण समोरचं माणूस दुसऱ्या टोकाकडून येत असेल, हे तू तोवर कधी बघितलंच नव्हतंस.

'माझं चुकलं' असं तू म्हणाला नाहीस. मी वाट बघितली, त्या दिवशी आणि नंतरही. मीही 'दुखतंय का' असं विचारलं नाही.

त्यावरून आपण पुढं किती भांडलो! मी कलबुर्गीला पी.यू. कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवायला लागले, तरी फोनवर तेच. मी म्हणायचे, धन आणि ऋण हे रेषेचं, चढती आणि उतरती हे चालणाऱ्याचं. पोरांना आधी विचार, ती कुठून यायलीत. तू म्हणायचास, "सुमे, शंभर पोरं शंभर बाजूंनी यायला लागली तर मी शिकवू कधी? डावीकडून बघायचं म्हंजे बघायचं." मी फोन आपटायचे. तू परत लावायचास आणि दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलायचास, तुरीला फूल लागलंय, वैनीचा गुडघा दुखायलाय. त्यातून मला कळायचं की तू माघार घेतलीस. तुला वाटायचं मी घेतली.

माझ्यावर तू पुन्हा हात उचलला नाहीस. पण माझ्या हातात कर्कटक होतं, अण्णा. तुझ्या वर्गातल्या पोरांच्या हातात काही नव्हतं. त्यांना तू पुढची कितीतरी वर्षं मारलंस. मला ते माहीत होतं, मी तुला तोंडावर बोललेही होते. "मार खाल्ल्याशिवाय पोरगं हलत न्हाई," हे तुझं ठरलेलं उत्तर.

मग त्या पोराचा कान. तू सांगितलं नाहीस, वैनीनं सांगितलं. तुझी एक थप्पड बसली आणि त्याच्या कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता. दुसऱ्या दिवशी त्याची आई शेतातून तशीच आली, साडीचा काष्टा घातलेला, पायाला माती. भरल्या वर्गात तिनं चप्पल काढली आणि तुझ्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा, थकेपर्यंत. मास्तरलोक सोडवायला धावले, तर तूच त्यांना म्हणालास, "मारू द्या." तुझा चष्मा फुटला. नाकातून रक्त येत असताना तू त्या पोराला स्वतः बिदरला दवाखान्यात घेऊन गेलास. घरी येऊन छडी गुडघ्यावर मोडलीस आणि चुलीत घातलीस. त्याचा कान पुरता बरा झाला नाही. त्यानंतर तू कुणावर हात उचलला नाहीस. शोकसभेतल्या लोकांना माहीत होतास तो हा नंतरचा तू.

मग त्या दिवशी कामून उचललास?

रेणुकाला मी तेव्हा ओळखत नव्हते. तुझ्या कॉलेजात अकरावीला, आपल्याच खटकचिंचोळीची, बाप टेम्पो चालवतो. तुझ्या तोंडून नाव ऐकलं होतं, "पोरगी हुशार हाय, पण घाई करते." बाप मारतो हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. चाचणीचे पेपर द्यायला पालकांना बोलावलं होतं. नापास झाली तर कॉलेज बंद, असं तो आधीच सांगून बसलेला. आलेखाच्या प्रश्नाला तू शून्य दिलं होतंस. त्या शून्यानं ती नापासात गेली.

पुढचं मी अनेकांकडून ऐकलंय आणि सगळ्यांचं जुळतं. बापानं पेपर हातात घेतला, शून्य बघितलं, आणि आवारातच कंबरेचा पट्टा काढला. पट्ट्याचं बक्कल तिच्या तोंडावर बसलं. ती पडली. पडलेल्या पोरीच्या पोटात तो लाथा घालत होता. वरांड्यात मास्तर उभे, पालक उभे. तू पायऱ्या उतरून गेलास.

"सोडा तिला. मार्क मी दिल्यात. काय विचारायचं ते मला विचारा."

"माझी पोर हाय. मारीन न्हाईतर कापीन. तुमी कोण?"

त्यानं पुन्हा पट्टा उचलला आणि तू त्याच्या थोबाडीत मारलीस. सगळे म्हणतात, आवाज रस्त्यापर्यंत गेला. तो हेलपाटला. मग टेम्पोकडं गेला. लोकांना वाटलं, निघाला. त्यानं सीटखालची टॉमी काढली, चाक खोलायची ती लोखंडी दांडी. रेणुका ओरडली, "सर, पळा!" तू पळाला नाहीस. तू तिच्यापुढं उभा राहिलास. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज वरांड्यातल्यांनी ऐकला. तरी तू उभा होतास. दुसरा डोक्यावर. तू पडल्यावरही तो मारत होता, तेव्हा कुठं वरांड्यातली माणसं खाली उतरली.

तुला कलबुर्गीला आणत होते. अँब्युलन्स यायच्या आधी मी दवाखान्याच्या दारात पोचले होते. दार उघडलं तर वैनी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, साडी पुढून लाल, आणि ती सारखी म्हणत होती, "सुमे, ह्यांचा चष्मा राहिला तिकडं." तू शुद्धीवर आलाच नाहीस. आत मला थोडा वेळ सोडलं. मी तुझा हात धरला आणि शिव्या दिल्या. नालायका, म्हणाले. इतकी वर्षं हात आवरलास आणि शेवटी असा उचललास! पाठ दाखवून पळाला असतास तर काय बिघडलं असतं! नर्सनं मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

मला तुझा राग आला, अण्णा. तू मारलंस याचा, पळाला नाहीस याचा. आणि त्याच रागात मला तुझा असा अभिमान वाटला की छाती दुखायला लागली. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मला कुणाला सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगते.

आता जबाबाचं ऐक. पोलिसांपुढं रेणुकाचा जबाब सगळ्यांत महत्त्वाचा होता. तिच्या चुलत्यानं तिला सांगितलं, सर पायरीवरून पडले म्हण. ती नाही म्हणाली तर त्यानं तिचा डोळा सुजवला. आणि आपले काका, अण्णा, आपल्या अप्पांचे सख्खे भाऊ, ते तिला पोलीस ठाण्याच्या आवारात गाठून म्हणाले, "सरांनी तुझ्या बापाला हात लावला न्हाई आसं सांग. नाहीतर वकील त्याचंच भांडवल करतील." मी तिथंच होते. एका डोळ्यानं तिनं काकांकडं बघितलं. आत जाऊन सांगितलं, "माझे अप्पा मला मारायले होते. सरांनी अप्पाला एक थप्पड मारली. मग अप्पानं टॉमी आणून सरांना मारलं. सरांच्या हातात काही नव्हतं." ती बाहेर आली तसे काका तिच्या अंगावर धावले. मी मध्ये गेले आणि त्यांचा हात पिरगाळला. म्हातारे आहेत, पण पिरगाळला. आपल्या घरात हात लवकर उठतात, तुझ्या एकट्याचं काय घेऊन बसलास.

तुझ्या दहाव्यानंतर ती आईला घेऊन आपल्या दारात आली. चुलता घरात सुखानं राहू देत नव्हता. बापाला तुरुंगात घालणारी म्हणून पोरीला रोज मारत होता. वैनी बाहेर आली, तिला बघितलं आणि हातातला पितळी तांब्या फेकून मारला. तो चौकटीला लागला, पाणी माझ्या अंगावर उडालं. "माझा नवरा खाल्लास! आता काय घ्यायला आलीस?" रेणुकाची आई तिथंच खाली बसली. पोरगी बसली नाही. ती भिंतीसारखी उभी राहिली आणि मला म्हणाली, "मॅडम, सरांनी शून्य कामून दिलं ते मला कळलं न्हाई. कोण सांगणार आता?"

तिचा पेपर पोलिसांकडं आहे. पण प्रश्न तिला पाठ होता. मी तिला ओट्यावर बसवलं आणि सोडवायला लावला. बिंदू बरोबर. रेषा बरोबर, चांगली वर जाणारी. मग तिनं वायची वजाबाकी केली उजवीकडच्या बिंदूतून डावीकडचा वजा करून, आणि एक्सची केली डावीकडच्यातून उजवीकडचा वजा करून. एक अधिक आला, एक वजा आला, चढ ऋण झाला.

"सरांनी काय लिहिलं होतं?"

"लाल पेनानं लिवलं होतं, डावीकडून बघ."

अण्णा, मला तिथंच तुझ्याशी भांडावंसं वाटलं. तिची चूक ती नव्हती. उजवीकडून आली असती तरी चाललं असतं, पूर्णच उजवीकडून यायला हवं होतं. ती अर्ध्यात बाजू बदलत होती. आणि बिंदू बरोबर, रेषा बरोबर, फक्त चिन्ह चुकलं, तर शून्य? निम्मे मार्क द्यायचे होतेस. लाल पेन हातात आलं की तू जुनाच व्हायचास. पण तूही अगदी खोटा नव्हतास. तिनं आकडेमोड झाल्यावर एकदा मान वर करून आपलीच रेषा डावीकडून बघितली असती तर दिसलं असतं की ती चढायलीय, मग उत्तर वजा येईलच कसं. हे तू फोनवर म्हणाला असतास आणि मी फोन आपटला असता. तुझ्या शून्यानं तुला मारलं, असं एकदोघं कुजबुजले. मी त्यांना दारातून हाकललं. तुला मारलं ते त्या माणसाच्या हातानं.

मी तिला सांगितलं, "कुठूनही ये. पण दोन्ही वजाबाक्या एकाच बाजूनं कर. आणि शेवटी रेषेकडं बघ." तुझं आणि माझं, दोन्ही सांगितलं. यापेक्षा जास्त तडजोड माझ्याच्यानं होणार नाही.

ती रोज यायला लागली, आई अंगणात बसून राहायची. वैनी आतून भांडी आपटायची. काल दुपारी रेणुकानं पुन्हा तीच चूक केली, पुन्हा अर्ध्यात बाजू बदलली, आणि कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "मला न्हाई येत. सोडून देते." भांड्यांचा आवाज थांबला. वैनी बाहेर आली. कुंकू नसलेलं ते कपाळ मला अजून बघवत नाही. तिनं रेणुकाचं मनगट धरलं, इतकं घट्ट की पोरगी कळवळली.

"सोडून देतीस? सोडून द्यायचं व्हतं तर ते मधी कशाला पडले? नापास हो तू. नापास होऊन बघ. तुझा बाप परवडला आसं करीन मी तुला."

मग आत गेली आणि ताट घेऊन आली. भाकरी, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा. ते तिच्यापुढं आपटलं, वरण सांडलं. "जेव. मग परत कर."

पोरगी रडत जेवली आणि मग तिनं ते गणित केलं. बरोबर आलं. वैनीनं ते बघितलं नाही, तिला त्यातलं काही कळतही नाही. तिनं ताट उचललं आणि रेणुकाच्या आईला बाहेर जाऊन सांगितलं की परीक्षा होईपर्यंत पोरगी इथंच राहील, तिचे कपडे आणून टाक, आणि तुझ्या दिराला सांग, हिला हात लावायचा असेल तर आधी माझ्या दारात ये.

माझी रजा संपली, सोमवारी मी कलबुर्गीला जाते. वैनीनं काल तुझ्या खोलीतला पलंग झाडून काढला, तुझ्या उशीचा अभ्रा बदलला, आणि रेणुकाला तिथं झोपायला सांगितलं. मला विचारलं नाही. तुलाही विचारलं नसतं.